दोन गाभे की चार?

सन २००७-०८ च्या सुमारास आदिलाबाद जिल्ह्यातील एखाद्या घरी संगणक आणावयाचे ठरले, म्हणजे ती त्या घराच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नसे. उत्तरेस पैनगंगा आणि दक्षिणेस गोदावरी ह्या दोन नद्यांमध्ये पसरलेला हा जिल्हा त्या वेळी अखंड होता; निर्मळ, मंचिर्याल आणि आसिफाबाद हे जिल्हे त्यातून निराळे निघाले ते पुढे २०१६ साली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके ह्या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. तरीही बेला, जैनद ह्या भागांत आणि खुद्द आदिलाबाद शहरात मराठी बोलणारी घरे राहिलीच, आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील सोयरसंबंधही राहिले. अशा घरात संगणकाचा पैसा पुष्कळदा कापसाच्या हंगामाच्या शिलकीतून निघे. वडील माणसे तो खर्च मुलांच्या शिक्षणाच्या नावाने करीत. मुलांच्या मनात शिक्षणाच्या जोडीस खेळही असत. खरेदीसाठी महामार्गाने एक तर नागपूर गाठावयाचे, नाही तर हैदराबादकडे जाऊन सिकंदराबादच्या पार्कलेनमधील चेनॉय ट्रेड सेंटरच्या दुकानांत हिंडावयाचे. तेथे त्या वेळी एक प्रश्न हटकून पुढे येई : प्रोसेसर दोन कोअरचा घ्यावयाचा की चार कोअरचा?

प्रश्न दिसावयास बाजारी आहे. दोनांहून चार अधिक, तेव्हा परवडत असेल तर चार घ्यावे, इतके सोपे उत्तर कोणीही देईल. परंतु ज्यांना संगणकावर खेळ खेळावयाचे होते त्यांच्यापुरते तरी हे उत्तर त्या काळी सरळ नव्हते. आणि हाच प्रश्न, निराळ्या वेषात, त्यापूर्वी वीस वर्षे वॉशिंग्टन, दिल्ली आणि पुणे येथील थोर थोर मंडळींसमोर उभा राहिला होता. ती हकीकत समजून घेतली म्हणजे दुकानातील प्रश्नाचाही उलगडा होतो.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचे गणित करणारे अंग. आज्ञा एकामागून एक वाचावयाच्या आणि त्यांप्रमाणे बेरीज, वजाबाकी, तुलना करावयाची, हे त्याचे काम. हे काम प्रत्यक्ष करणारा त्यातील जो भाग तो गाभा. बाजारात त्यास कोअर म्हणतात. २००५ पर्यंत घरगुती संगणकाच्या प्रोसेसरात एकच कोअर असे, आणि त्याची योग्यता त्याच्या ठोक्यांवर मोजीत. गिगाहर्ट्झ हे त्याचे माप. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १ अब्ज ठोके. इंटेल कंपनीचा पेंटियम ४ हा प्रोसेसर नोव्हेंबर २००० मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची गती दीड गिगाहर्ट्झ होती. चार वर्षांत ती ३.८ पर्यंत चढली. त्या दिवसांत खेळ तयार करणाऱ्यांना वेगाची चिंता करण्याचे कारण नव्हते. आज संथ चालणारा खेळ पुढच्या वर्षीच्या प्रोसेसरावर आपोआप धावू लागे.

ही चढण थांबली ती उष्णतेमुळे. प्रोसेसरातील ट्रान्झिस्टर वर्षानुवर्षे लहान होत गेले, तसतसा त्यांस लागणारा विजेचा दाबही कमी करता येत असे. म्हणून गती वाढली तरी तेवढ्याच जागेतील उष्णता आटोक्यात राही. आय. बी. एम. कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड ह्यांनी १९७४ साली हे गणित मांडले होते. परंतु ट्रान्झिस्टर फारच बारीक झाले, तेव्हा ते बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली, आणि दाब आणखी खाली आणणे अशक्य झाले. मग गती वाढवावयाची तर दाबही वाढवावा लागे, आणि विजेचा खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मे २००४ मध्ये इंटेलने आपला पुढील अतिवेगवान प्रोसेसर रद्द केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचाही बेत सोडून दिला. एक कोअर आणखी तापविण्यापेक्षा दोन बेताच्या गतीचे कोअर एकाच प्रोसेसरात बसविणे विजेच्या दृष्टीने स्वस्त पडत होते. आय. बी. एम. ने मोठ्या संगणकांसाठी असा प्रोसेसर २००१ सालीच काढला होता. २००५ च्या मे महिन्यात इंटेल आणि ए. एम. डी. ह्या दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. तात्पर्य, दुसरा कोअर ही कंपन्यांनी ग्राहकास दिलेली देणगी नव्हती. सरळ वाट बंद झाली म्हणून घेतलेले ते वळण होते.

वळणावर एक जुनी अडचण उभी होती. आय. बी. एम. मध्येच काम करणारे जीन अ‍ॅम्डाल ह्यांनी १९६७ साली ती अडचण एका परिषदेत मांडली होती. तिचे स्वरूप आदिलाबादच्या शेतकऱ्यास कोणी समजावून सांगावयास नको. कापूस वेचण्याचे काम वाटता येते. समजा, एकच बाई वेचणीला आहे. वेचणीस आठ तास आणि मार्केट यार्डात गाडी काट्यावर नेऊन वजन, मापारी आणि पावती ह्यांत दोन तास, असे एकूण दहा तास लागतात. वेचणीस दोन बाया लावल्या तर वेचणी चार तासांवर येते आणि एकूण काम सहा तासांत होते. चार बाया लावल्या तर दोन आणि दोन मिळून चार तास. आठ लावल्या तर एक आणि दोन मिळून तीन. शंभर लावल्या तरी काट्यावरचे दोन तास कोठेही जात नाहीत. पहिल्या बाईस दुसरीची जोड मिळाली तेव्हा चार तास वाचले. पाचवीपासून आठवीपर्यंत चौघीजणी आणखी आल्या तेव्हा एकच तास वाचला. काम करणारे वाढवीत गेले म्हणजे अखेर कामाचा न वाटता येणारा भागच सर्वांचा धनी होऊन बसतो. अ‍ॅम्डाल ह्यांचा नियम तो हाच.

ह्या नियमाचा आधार घेऊन, एकच पण जबरदस्त प्रोसेसर बांधावा असे मानणारा एक पक्ष होता. महासंगणकांचे शिल्पकार सीमूर क्रे ह्यांच्या नावावर एक प्रश्न सांगितला जातो : शेत नांगरावयाचे तर दोन तगडे बैल बरे, की एक हजार चोवीस कोंबड्या? ज्या मुलखात पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पाया पडतात तेथे ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास वेळ लागणार नाही. परंतु १९८८ साली अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या जॉन गुस्टाफसन ह्यांनी कोंबड्यांची बाजू सावरली. त्यांच्या प्रयोगशाळेत नेमक्या १,०२४ लहान प्रोसेसरांच्या यंत्रावर काही शास्त्रीय गणिते हजारपटीच्या जवळपास वेगाने सुटली होती. त्यांचे म्हणणे असे की, माणसे वाढली तर कोणी तेवढेच शेत घेऊन बसत नाही. मोठे शेत घेतो. वेचणी दसपट वाढली आणि काट्यावरचा वेळ तेवढाच राहिला, तर काट्याचा जाच आपोआपच कमी होतो. अ‍ॅम्डाल आणि गुस्टाफसन ह्या दोघांचेही गणित बरोबर आहे. कोणाचे लागू पडावयाचे, हे काम कोणत्या जातीचे आहे ह्यावर ठरते.

ह्याच सुमारास हा वाद भारताच्या दाराशी आला. पावसाचा अंदाज काही दिवस आधी वर्तविता यावा, म्हणून भारत सरकारला एक महासंगणक हवा होता. कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या आदिलाबाद, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांसाठी ही केवळ शास्त्रज्ञांच्या हौसेची बाब नव्हती. पेरणी आठ दिवस लांबवावी की आजच उरकावी, ह्यावर तेथील घरांचे वर्ष अवलंबून असते. भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचे एक्स-एमपी २४ हे यंत्र मागितले. त्या कंपनीच्या पद्धतीप्रमाणे ह्या आकड्यातील पहिला अंक प्रोसेसरांची संख्या दाखवितो. म्हणजे मागणी दोन प्रोसेसरांच्या यंत्राची होती. असे यंत्र अण्वस्त्रांच्या गणितासही उपयोगी पडेल, ह्या भीतीने अमेरिकन सरकारने पुष्कळ आढेवेढे घेतले, आणि अखेर १९८७ साली एक्स-एमपी १४, म्हणजे एकाच प्रोसेसराचे यंत्र, देण्याचे कबूल केले. ते दिल्लीच्या राष्ट्रीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्रात बसविण्यात आले. एक की दोन, हा प्रश्न त्या वेळी दोन देशांच्या सरकारांमध्ये वाटाघाटींचा विषय झाला होता.

जे मागून मिळत नाही ते घरी करावे, ह्या विचाराने १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ही संस्था स्थापन झाली. तिचे पहिले कार्यकारी संचालक डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरास झाले. क्रे ह्यांचा तगडा बैल पुण्यात घडविणे शक्य नव्हते. तसा प्रोसेसर बनविणारे कारखाने देशात नव्हते आणि परदेशातून तो मिळत नव्हता. मिळत होते ते इंग्लंडमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर. त्यांचा विशेष असा की, प्रत्येकास शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या मुळातच दिलेल्या होत्या. म्हणून पुण्याने पुष्कळ लहानांना एकत्र जोडण्याचा मार्ग स्वीकारला. १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. त्यात ६४ ट्रान्सप्युटर जोडलेले होते आणि ती संख्या २५६ पर्यंत वाढविता येत असे. पूर्ण बांधणीत त्याची शक्ती सेकंदाला सुमारे १ अब्ज गणिते एवढी होती. पुढे हे यंत्र रशियातही बसविण्यात आले. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेतील फ्लोसॉल्व्हर, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील अनुपम, हैदराबादच्या अनुराग संस्थेतील पेस ही यंत्रेही ह्याच पंथाची.

पुण्याच्या ह्या यशाचे मर्म मात्र पुष्कळदा विसरले जाते. ट्रान्सप्युटर पैसे देऊन मिळत होते. ते इतरांनाही मिळत होते. खरा प्रयास होता तो काम वाटण्याचा. हवामानाचे गणित असे आहे की, नकाशाचे चौकोन पाडून एकेक चौकोन एकेका प्रोसेसराकडे सोपविता येतो. फक्त ह्या चौकोनातील वारा शेजारच्या चौकोनात शिरतो, म्हणून कडांवरील आकडे वरचेवर एकमेकांस कळवावे लागतात. कोणी किती काम करावयाचे, कोणी कोणाची वाट पाहावयाची आणि निरोप केव्हा पाठवावयाचा, हे सर्व माणसांनी बसून ठरविले आणि आज्ञावलीत लिहिले, तेव्हा त्या लहान प्रोसेसरांचा एक महासंगणक झाला. ती वाटणी कोणत्याही पेटीत घालून विकत मिळत नव्हती.

आता दुकानातील प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. २००६ च्या जुलैत इंटेलचा कोअर २ ड्युओ हा दोन कोअरचा प्रोसेसर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात चार कोअरचा पहिला प्रोसेसर आला. हा चौपदरी प्रोसेसर म्हणजे दोन कोअरचे दोन तुकडे एकाच आवरणात शेजारी शेजारी बसविलेले होते. २००७ च्या जानेवारीत आलेला क्यू ६६०० हा चार कोअरचा प्रोसेसर सुरुवातीस अतिशय महाग होता. परंतु २२ जुलै २००७ रोजी त्याची घाऊक किंमत २६६ डॉलरांवर आली, आणि त्याच दिवशी ई ६८५० हा दोन कोअरचा नवा प्रोसेसर त्याच २६६ डॉलरांना बाजारात आला. त्या वेळच्या विनिमयदराने कर आणि दुकानदाराचा नफा सोडून ही रक्कम साडेदहा ते अकरा हजार रुपये होते. दोनाची गती ३ गिगाहर्ट्झ, चाराची २.४. पैसा तेवढाच, त्यात दोन तगडे घ्यावयाचे की चार मध्यम, ही निवड इतक्या स्वच्छ स्वरूपात पूर्वी कधी ग्राहकापुढे आली नव्हती.

ह्या दोहोंचा हिशेब शाळेतील मुलासही करता येईल. काम मुळीच वाटता येत नसेल तर एकच कोअर राबतो, आणि मग ३ गिगाहर्ट्झचा कोअर २.४ च्या सव्वापट वेगाने ते उरकतो. काम पूर्णपणे वाटता येत असेल तर दोनाची एकत्र गती ६ आणि चाराची ९.६, म्हणजे चार कोअरचा प्रोसेसर जवळजवळ दीडपटीहून थोडा अधिक पुढे जातो. ह्या दोन टोकांच्या मध्ये समतोल कोठे? समजा, कामाचे सात भाग आहेत. त्यांतील तीन वाटता येत नाहीत आणि चार वाटता येतात. दोन कोअरवर अवधी तीन अधिक दोन, म्हणजे पाच भागांचा. त्यास ३ ने भागावे. चार कोअरवर तीन अधिक एक, म्हणजे चार भागांचा, त्यास २.४ ने भागावे. दोन्ही उत्तरे अगदी सारखी येतात. तेव्हा कामाच्या सात भागांपैकी तीनांहून अधिक भाग न वाटता येणारे असतील तर दोन कोअर सरस, तीनांहून कमी असतील तर चार सरस. दुकानदाराच्या उत्साहापेक्षा हा त्रैराशिकाचा हिशेब अधिक विश्वासाचा आहे.

खेळ ह्या तराजूत कोठे बसतो? हवामानाच्या गणितास सकाळपर्यंतची मुदत असते; खेळास तशी नसते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे यावयाची तर एका चित्रासाठी एक सेकंदाचा साठावा हिस्सा मिळतो. तेवढ्यात खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली हे पाहावयाचे, त्यावरून त्याचे पात्र कोठे सरकले हे ठरवावयाचे, ते भिंतीस अडले की शत्रूस भिडले हे तपासावयाचे, त्यावर शत्रूने काय करावे हे योजावयाचे, आणि अखेर काय रंगवावयाचे त्याची यादी चित्र काढणाऱ्या भागाकडे धाडावयाची. ह्यातील प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर उभी असते. कापसाच्या काट्याप्रमाणे येथे रांग लागते. प्रत्यक्ष रंगविण्याचे काम मात्र भरपूर वाटता येते. म्हणूनच ते ग्राफिक्स कार्डाकडे दिलेले असते. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या जीफोर्स ८८०० जीटीएक्स ह्या कार्डात असे १२८ लहान प्रोसेसर होते. म्हणजे वाटता येण्याजोगे सर्वांत मोठे काम मुख्य प्रोसेसराकडून आधीच काढून घेतलेले होते, आणि त्याच्याकडे उरले होते ते बहुतांशी काट्यावरचे. २००७ साली बाजारात असलेले बहुतेक खेळ एक किंवा दोन कोअर गृहीत धरून लिहिलेले होते. त्यांच्यापुरते ई ६८५० ची निवड शहाणपणाची होती. चार कोअर घेणाऱ्याचे दोन कोअर पुष्कळदा रिकामे बसत.

परंतु वाटणी करणारी माणसे स्वस्थ बसली नव्हती. २००५ सालच्या एक्सबॉक्स ३६० ह्या खेळयंत्रात तीन कोअर होते. २००६ सालच्या प्लेस्टेशन ३ मध्ये एका मुख्य कोअरच्या हाताखाली अनेक लहान कोअर होते. ह्या यंत्रांसाठी खेळ लिहिणाऱ्यांना काम वाटण्यावाचून गत्यंतर नव्हते. आवाज एकाकडे, पडणाऱ्या वस्तूंचे गणित दुसऱ्याकडे, गर्दीतील पात्रांच्या हालचाली तिसऱ्याकडे, अशी विभागणी ते हळूहळू शिकले. तेच खेळ पुढे घरगुती संगणकावर आले. डिसेंबर २००८ मध्ये ग्रँड थेफ्ट ऑटो ४ हा खेळ संगणकासाठी निघाला, तेव्हा त्याच्या वेष्टनावर किमान आवश्यकता दोन कोअरची होती, पण शिफारस २.४ गिगाहर्ट्झच्या चार कोअरची होती. म्हणजे अगदी क्यू ६६०० चीच. २०१३ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही यंत्रे आली, त्यांत प्रत्येकी आठ कोअर होते आणि प्रत्येक कोअर गतीने मंद होता. वाटणी न केलेला खेळ त्यांवर चालणेच कठीण होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेला फार क्राय ४ हा खेळ तर साध्या दोन कोअरच्या प्रोसेसरावर काही खटपट केल्यावाचून सुरूच होईना. सात वर्षांपूर्वी तीच रक्कम मोजून घेतलेला मध्यम गतीचा चौकोनी प्रोसेसर तग धरून होता आणि वेगवान दुकोनी मागे पडला होता.

ह्यावरून दोनाची निवड करणारे चुकले असे म्हणता येत नाही. जो दोन-तीन वर्षांत संगणक बदलू शकत होता त्याला २००७ साली दोन तगड्या कोअरचाच लाभ अधिक होता. नवे खेळ येईपर्यंत तो नवा प्रोसेसर घेऊन मोकळा होई. परंतु कापसाच्या शिलकीतून एकदा घेतलेला संगणक ज्या घरात सात-आठ वर्षे चालवावयाचा होता, थोरल्याचा झाला की धाकट्याकडे जावयाचा होता, त्या घराचा हिशेब निराळा. त्याच वर्षी, म्हणजे २००८ साली, बासरला सरस्वतीच्या देवळाच्या गावी ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी तंत्रशिक्षणाचे विद्यापीठ सुरू झाले. शाळेत शिकणाऱ्या मुलांच्या आईबापांना संगणक ही चैन न वाटता पुढील वाट वाटू लागली, ती असल्याच दिवसांत. अशा घराला आजचा खेळ पाहावयाचा नव्हता. सहा वर्षांनंतर काम कसे वाटले जाईल हे ओळखावयाचे होते. थोडक्यात, श्रीमंताने वर्तमान विकत घ्यावे आणि बेताच्या घराने भविष्य, असा तो उलटा न्याय होता.

त्यातही आदिलाबादची म्हणून एक बाजू होती. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ई ६८५० च्या उष्णतेचे कंपनीने दिलेले माप ६५ वॅट. क्यू ६६०० चे आरंभी १०५ आणि सुधारलेल्या आवृत्तीत ९५ वॅट. एवढी उष्णता बाहेर टाकावयाची तर खोलीतील हवा थंड हवी, आणि मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली ती नसते. भारनियमनाच्या दिवसांत बॅटरीवर संगणक चालवावयाचा तर ३०-४० वॅटांचा फरकही जाणवतो. चार कोअरची निवड करणाऱ्याने चांगला पंखा, बऱ्या प्रतीचा वीजपुरवठ्याचा डबा आणि हवा खेळती राहील अशी पेटी ह्यांवर खर्च केला नाही, तर तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणासाठी आपली गती स्वतःच उतरवितो, आणि मग चाराचे दोनही उरत नाहीत. खेळासाठीच म्हणून पाहिले तर प्रोसेसरावर थोडे वाचवून ग्राफिक्स कार्डावर घालणे हाच बहुधा सर्वांत फलदायी मार्ग होता.

संख्येवर भिस्त ठेवणाऱ्यांची फसगत पुढेही होत राहिली. २०११ च्या ऑक्टोबरात ए. एम. डी. ने आठ कोअरचा म्हणून एक प्रोसेसर काढला. त्यात कोअरच्या चार जोड्या होत्या आणि प्रत्येक जोडीत दशांशाचे गणित करणारा भाग सामाईक होता. ह्यास आठ म्हणावयाचे की चार, हा वाद २०१५ साली अमेरिकेत न्यायालयात गेला आणि २०१९ साली १ कोटी २१ लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटला. उलटपक्षी, इंटेलचे आय ७ हे थोर नाव लावलेले काही लॅपटॉप कित्येक वर्षे दोनच कोअरचे होते. आय ७-७५०० यू हा त्यांपैकी एक. नाव मोठे म्हणून कोअर अधिक असे नाही, आणि कोअर अधिक म्हणून काम अधिक असेही नाही.

आज हा वाद मिटल्यासारखा दिसतो. २०१७ साली ए. एम. डी. च्या रायझन प्रोसेसरांनी आठ कोअर सामान्य घराच्या आवाक्यात आणले. इंटेलचा साधा आय ३ देखील त्या वर्षी दोनाचा चार झाला. नव्या खेळांसाठी सहा किंवा आठ कोअर ही आता नेहमीची बाब आहे. तरीही एका कोअरची गती कशी आहे, हे खेळणारे आजही आधी पाहतात. कारण काट्यावरची रांग नाहीशी झालेली नाही. अलीकडच्या प्रोसेसरांनी मात्र एक समंजस तोड काढली आहे. ए. आर. एम. कंपनीने २०११ साली मांडलेल्या आणि इंटेलने २०२१ साली घरगुती संगणकांत आणलेल्या ह्या रचनेत कोअर दोन जातींचे असतात : थोडे मोठे आणि वेगवान, बरेचसे लहान आणि काटकसरी. जे काम वाटता येत नाही ते मोठ्याने करावे, जे वाटता येते ते लहानांनी. खिशातील मोबाइलमध्येही हीच व्यवस्था असते. क्रे ह्यांचे बैल आणि गुस्टाफसन ह्यांची बाजू एकाच शेतात आली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही तोड फार पुरातन आहे. बायबलच्या जुन्या करारातील निर्गम ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. मोशे हा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा बसून लोकांचे तंटे तोडीत असे आणि लोक ताटकळत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो भेटीस आला आणि त्याने ते पाहिले. तू थकशील आणि लोकही थकतील, असे सांगून त्याने हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमण्याचा सल्ला दिला. लहान तंटे त्यांनी तोडावे. अवघड तेवढे मोशेकडे यावे. इथ्रोच्या सल्ल्याचे मोल नायकांच्या संख्येत नव्हते. कोणता तंटा कोणाकडे जावयाचा हे त्याने आधी ठरविले, ह्यात होते.

पुण्यात परम उभा राहिला तो ह्याच शहाणपणावर, आणि खेळ लिहिणारे दहा वर्षांच्या खटपटीनंतर शिकले तेही हेच. हात विकत घेता येतात. कामाची वाटणी विकत घेता येत नाही, ती कोणा तरी माणसाला विचारपूर्वक करावी लागते. म्हणून संगणकाच्या दुकानात शिरण्यापूर्वी कोअर किती असे विचारण्याच्या आधी, आपले काम किती वाटले जाते आणि हे यंत्र आपल्याला किती वर्षे पुरवावयाचे आहे, हे दोन प्रश्न ज्याने स्वतःस विचारले, त्याचा पैसा सहसा वाया जात नाही.